ताण, वृषण आणि पंधरा दिवसांचं गणित

नेट-सेटच्या तयारीत आपण एक साखळी पाठ करतो: ताण वाढला, कॉर्टिसॉल वाढलं, टेस्टोस्टेरॉन घटलं, शुक्राणू कमी झाले. साखळी चुकीची नाही. पण तिच्यावर बेतलेले पेपर वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते: प्रयोग जेवढं सांगतो, त्यापेक्षा निष्कर्ष जास्त बोलतो.

नेहमीचा आराखडा बघा. रॅटला रोज काही तास अरुंद नळीत अडकवायचं, १५ दिवसांनी एपिडिडिमिसमधले शुक्राणू मोजायचे. संख्या घटली की लिहायचं, ‘ताणामुळे शुक्राणुनिर्मिती बिघडते’. आता हिशेब करा. रॅटमध्ये मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला साधारण ५२ दिवस लागतात आणि एपिडिडिमिस पार करायला आणखी आठ-दहा. म्हणजे मोजलेले शुक्राणू घडायला लागले, तेव्हा ताण सुरूच झाला नव्हता! घट खरी असेल, पण ती निर्मितीच्या शेवटच्या टप्प्यातली किंवा साठवणीतली. सुरुवातीच्या टप्प्यांबद्दल हा प्रयोग गप्प आहे.

दुसरं, अडकवलेला रॅट कमी खातो, आणि नुसत्या उपासमारीनेही टेस्टोस्टेरॉन घटतं. मग तेवढंच अन्न दिलेला, पण न अडकवलेला गट कुठे आहे? बहुतेकदा नसतोच.

तिसरं, रॅटच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं म्हणजे वृषणातल्या लायडिग पेशींवर तेवढाच मारा झाला, असं नाही. या पेशींत ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम असतं. ते कॉर्टिकोस्टेरॉन निष्क्रिय करू शकतं. ते अपुरं पडलं, की उरलेलं हॉर्मोन रिसेप्टरला जोडलं जातं आणि टेस्टोस्टेरॉनची निर्मिती दबते. शिवाय ताण मेंदूमार्गेही काम करतो: हायपोथॅलॅमसचा इशारा मंदावतो, पिट्यूटरीतून एलएच कमी सुटतं. म्हणून एलएच मोजलंय का, हे आधी शोधा. एलएच जागेवर आणि टेस्टोस्टेरॉन खाली, तर संशय वृषणावर. दोन्ही खाली, तर आधी वर बघा. एलएच मोजलंच नसेल, तर ‘वृषणावर थेट परिणाम’ हा निव्वळ अंदाज.

हे किरकोळ दोष नाहीत. अशा प्रत्येक प्रयोगात प्राण्यांचे जीव जातात. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पी-व्हॅल्यूच्या आधी तीन गोष्टी कागदावर मांडा: किती दिवस, कोणता कंट्रोल, कोणतं हॉर्मोन. प्रश्न शुक्राणुनिर्मितीचा असेल, तर दोन महिन्यांची तयारी ठेवा. तेवढा वेळ नसेल, तर प्रश्न लहान करा. निष्कर्ष मोठा करू नका.