चेंडू न येणारा तिसरा गडी

संगणकाच्या पडद्यावर तीन आकृत्या चेंडूफेक खेळत असतात. त्यांतली एक आपण. उरलेल्या दोघींना दुसरीकडे बसलेली दोन अनोळखी माणसे खेळवत आहेत, असे आपल्याला सांगितलेले असते. प्रत्यक्षात ते काम संगणकच करतो. सुरुवातीला दोन-चार वेळा चेंडू आपल्याकडे येतो. मग तो त्या दोघांतच फिरत राहतो. खेळ एवढाच. तरी काही मिनिटांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत खेळणारा लिहितो, की आपल्याला वाईट वाटले, आपण असून नसल्यासारखे झालो. 'सायबरबॉल' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. किपलिंग विल्यम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो रचला, आणि बहिष्काराच्या मानसशास्त्रावर गेल्या पाव शतकात जे लिहिले गेले त्याचा बराच भाग या एका खेळावर उभा आहे. वर्गातील एकटे पडलेले मूल हा विषय निघाला, की शिक्षकांसमोरही त्याचाच दाखला दिला जातो. तेव्हा हा प्रयोग नेमके काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे तपासायला हवे.

विल्यम्स यांना ही कल्पना एका उद्यानात सुचली. फेकून खेळायची एक तबकडी त्यांच्याजवळ येऊन पडली, त्यांनी ती परत फेकली आणि खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी त्यांना खेळात घेतले. थोड्याच वेळात, काही कारण नसताना, तबकडी त्यांच्याकडे यायची थांबली. एवढ्याशा गोष्टीने आपण इतके खट्टू का झालो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६२ देशांतील १४८६ जणांनी भाग घेतला होता. २००४ सालच्या प्रयोगाचा निष्कर्ष तर फारच लक्षणीय आहे. समोर माणसे नसून संगणकच खेळत आहे, असे आधी सांगितले तरी माणसाला वगळले गेल्याचे वाईट वाटतेच!

यापुढची पायरी मात्र घसरडी आहे. २००३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात नेओमी आयझेनबर्गर, विल्यम्स व आणखी एका सहकाऱ्याचा निबंध आला. खेळातून वगळले जात असताना मेंदूच्या पुढच्या बाजूला, आतल्या अंगाचा एक भाग अधिक सक्रिय होतो आणि शारीरिक वेदनेशीही त्या भागाचा संबंध आहे, असे त्यात म्हटले होते. प्रयोगात माणसे होती १३. लोकप्रिय लिखाणात याचे 'मेंदूला दुर्लक्ष आणि हाडमोड सारखीच' असे होऊन बसले. पण तोच भाग अनपेक्षित काही घडले तरीही जागा होतो, हे नंतरच्या प्रयोगांत दिसले. आणि २०१४ सालच्या एका अभ्यासात शारीरिक वेदना आणि नकार यांचे मेंदूतील आकृतिबंध वेगवेगळे ओळखता आले. खोलीत दिवा दिसला म्हणून आत स्वयंपाकच चालला आहे, असे आपण म्हणत नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. सायबरबॉलमधल्या तिसऱ्या गड्याने काही केलेलेच नसते. त्याने कोणाला अडचणीचा प्रश्न विचारलेला नाही, कोणाची चूक दाखवलेली नाही. शिवाय चेंडू आपल्याकडे येत नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसते. प्रत्यक्षात नकोसा झालेला माणूस गटातून जातो तो असा नव्हे. जातपंचायत वाळीत टाकते तेव्हा निदान ते सर्वांना ठाऊक असते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. पण निरोप वेळेवर न पोचणे, बोलणे ऐकून कोणीच उत्तर न देणे, बिनमहत्त्वाचे काम सन्मानाने सोपवणे, यांतील एकेका गोष्टीला कारण देता येते. 'तसे काही नाही हो, तुमचा गैरसमज झाला,' असे म्हटले की विषय संपतो. त्या माणसाने बोट ठेवायचे कोठे?

या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग जुना आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९५१ साली स्टॅन्ली शॅक्टर यांनी प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांची ३२ मंडळे होती. जॉनी रॉको नावाच्या अल्पवयीन गुन्हेगाराची हकीकत वाचून, त्याला माया लावावी की शिक्षा करावी, यावर चर्चा करायची होती. प्रत्येक मंडळात तिघे जण प्रयोगकर्त्याने पढवलेले. एक बहुमताबरोबर राही. दुसरा आधी विरोध करून हळूहळू बहुमताकडे सरके. तिसरा शेवटपर्यंत कडक शिक्षेवर अडून बसे. कोण कोणाशी किती बोलतो याची निरीक्षक नोंद करीत होते. सुरुवातीला बरेचसे बोलणे या तिसऱ्याकडे वळे. पण जिथे सभासदांचे एकमेकांशी चांगले जमत होते आणि विषयही मंडळाच्या कामाचा होता, तिथे त्याला सर्वाधिक नाकारणाऱ्यांचे त्याच्याशी बोलणे अखेरीस ओसरू लागले. नंतर मंडळ लहान करावे लागल्यास कोणाला ठेवावे, असे विचारले तेव्हा तो सर्वांत खाली गेला. समित्यांसाठी नावे सुचवताना या एकोप्याच्या मंडळांत त्याचे नाव कार्यकारी समितीसाठी नव्हे, तर कंटाळवाण्या पत्रव्यवहार समितीसाठी अधिक आले. 'तू जा' असे त्याला कोणीही म्हटले नव्हते.

ही पत्रव्यवहार समिती मला त्या मेंदूच्या चित्रांपेक्षा बोलकी वाटते. तिच्यातही उणीव आहेच. अडून बसणारा पगारी असल्यामुळे त्याला काय वाटले हे कळत नाही, आणि जॉनीच्या प्रश्नाला बरोबर असे उत्तर नसल्यामुळे त्याला दूर सारून मंडळाचे काय नुकसान झाले हेही मोजता येत नाही. विल्यम्स यांना वगळलेला माणूस दिसतो, शॅक्टरना वगळणारा गट. दोन्ही एकत्र पाहायचे तर प्रयोगशाळेबाहेर यावे लागते. रॉजर बॉइजोली या अभियंत्याने 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असे बजावले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी यान फुटले. चौकशी आयोगापुढे त्याने खरे ते सांगितले. त्यानंतर सहकारी व वरिष्ठ त्याला टाळू लागले, आणि शेवटी नोकरी त्यानेच सोडली.

असे महिनोन्महिने चालणारे टाळणे प्रयोगात आणता येत नाही, आणता कामाही नये. म्हणून पाच मिनिटांचा चेंडू हाती घेतला गेला. हे समजण्यासारखे आहे. पण शिक्षकाने त्यावरून 'सर्वांना खेळात घ्या' एवढेच शिकावे, हे अपुरे आहे. फळ्यावरची चूक दोनदा दाखवणाऱ्या मुलाकडे तिसऱ्या वेळी आपली नजर वळत नाही आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे हजेरीपट नेण्या-आणण्याचे काम येते. ते काम त्याला कौतुकाने दिले असे आपल्याला मनापासून वाटतही असते. शॅक्टर यांच्या निरीक्षकांसारखी नोंद इथे करता येईल. तासाला मागे बसलेल्या एखाद्या सहकाऱ्याने, कोणाच्या वर गेलेल्या हाताला किती वेळा उत्तर मिळाले, एवढेच महिनाभर लिहावे. नोंद कोणत्या मुलासाठी चालली आहे, हे मात्र शिकवणाऱ्याला आधी सांगू नये.