प्रतिकृतींवरील धूळ व तिचा काल

किल्ले, तोफा व सैनिक यांच्या लहान प्रतिकृति रंगवून झाल्यावर त्यांवर कोरडी पूड चढवून धूळ, गंज व काजळी दाखविण्याची एक कला आहे. तिच्या कौशल्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ऐतिहासिक प्रतिकृति पाहतांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ही धूळ कोणत्या सालची?

या कलेची सामग्री आपल्या परिचयाचीच आहे. गेरू व पिवडी हीं लोहयुक्त मातीचीं रंगद्रव्यें, तिसरें काजळ. पुडींत चिकटद्रव्य नसतें; म्हणून ती चकाकी नसलेल्या खरबरीत थरावरच ठरते व बोट लागतांच निघते. पक्की करण्यासाठीं द्रव फवारल्यास छटा बहुधा गडद होते. शिवाय प्रमाणाचेंही भान हवें. १:७२ या प्रमाणांत ०.०५ मिलिमीटरचा कण म्हणजे मूळ वस्तूवर ३.६ मिलिमीटरचा खडा!

आतां रायगडाचें उदाहरण घेऊं. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक तेथें इ. स. १६७४ त झाला. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानें आग लागून राजवाडा जळाला. आजचे काळवंडलेले अवशेष पाहून कारागिरानें तीच काजळी राज्याभिषेकसमयींच्या प्रतिकृतीवर चढविली, तर १६७४ च्या दरबारास १८१८ ची राख लागली असें होईल.

यावर कोणी म्हणेल कीं, स्वच्छ प्रतिकृति खेळण्यासारखी दिसते. तें खरें, पाऊस व चिखल तेव्हांही होतेच. तथापि चार पावसाळ्यांचा डाग व साडेतीन शतकांचा डाग एक नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रांत आहार्याभिनयाच्या चार प्रकारांत 'पुस्त', म्हणजे पर्वत, वाहनें इत्यादिकांच्या कृत्रिम रचना, सांगितल्या आहेत. रंगभूमीवर आभास साधला कीं काम झालें. संग्रहालयांत आभासास आधारही लागतो.

संग्राहकांनीं तर अधिकच सावध असावें. नवा कागद धुरांत धरून जुना म्हणून पुढें केला तर आपण त्यास कूटलेख म्हणतों. कालपरवां ओतलेला शिपाई गेरू-काजळानें माखून जुना म्हणून विकला, तर त्यास निराळें नांव कां द्यावें?

सबब प्रत्येक प्रतिकृतीखालीं तीन गोष्टी नमूद असाव्या असें आमचें मत आहे : दाखविलेलें साल, डागांचा आधार, आणि पूड चढविल्याची तारीख. एवढें लिहिलें म्हणजे कारागिराचें कौशल्य उणें होत नाहीं, व पाहणाराचीही फसगत होत नाहीं.