लाभार्थी किती?

आमच्या वस्तीत मागच्या हिवाळ्यात एक कलापथक आलं. अनुदानाचं. मागं फ्लेक्स, त्यावर खात्याचं नाव, योजनेचं नाव आणि मोठ्या अक्षरात ‘सामाजिक सलोखा’. पोरं आमचीच, ढोलकी आमची, गळे आमचे. गाणी मात्र कुणाचीच नव्हती. दारू सोडा, झाडं लावा, गुण्यागोविंदानं राहा. वस्तीच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी का येतं, याचा एक शब्द नाही. खेळ संपल्यावर एका पोरानं मांडीवर छापील कागद घेतला. रकाना होता : लाभार्थी संख्या. मला म्हणाला, “दादा, किती लिहू?” मी म्हटलं, “मोजली का माणसं?” तो हसला. “मागच्या गावाला तीनशे लिहिली. इथं साडेतीनशे लिहितो.” खरं तर शंभर माणूसही नव्हतं, आणि त्यातली निम्मी शेंबडी पोरं.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याची ती रोजी आहे. माझं भांडण त्या रकान्याशी आहे.

प्रयोग किती, प्रेक्षक किती, फोटो, कात्रणं आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. या कागदानं पैसे खर्चले गेले एवढंच सिद्ध होतं. कलेनं काय केलं, ते कुठंच येत नाही. ते विचारावं असं वरच्याला वाटत नाही, आणि सांगावं असं आपल्याला वाटेनासं झालं आहे. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची.

आपल्याकडं मोजण्याची रीत नव्हती असं नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल बाबासाहेबांचं एक मत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं : आपल्या दहा सभा आणि जलशाचा एक कार्यक्रम सारखाच. हेही मोजमापच आहे की! पण माप टाळ्यांचं नाही, चळवळीचं आहे. जलसा बघून गेलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला का? मृतमांस सोडलं का? पोरगं शाळेत घातलं का? हे जलशाचे रकाने. आणि नकार दिला की गाव बहिष्कार घालायचं, वाण्याचं दुकान बंद, पाणी बंद. म्हणजे आजच्या ‘सलोखा’ रकान्यात त्या जलशाला शून्य मार्क! किंबहुना शून्याच्या खाली. ज्या फूटपट्टीवर कर्डकांचा जलसा नापास होतो, ती फूटपट्टी कुणाची आहे हे वेगळं सांगायला नको.

हे दुखणं फक्त आपल्या देशातलं नाही. १९९७ साली इंग्लंडात फ्रान्स्वा मातारासो यांनी कलाप्रकल्पांत भाग घेतल्यानं होणाऱ्या ५० सामाजिक परिणामांची यादी मांडली. आत्मविश्वास वाढतो, माणसं जोडली जातात, अशी. अनुदान देणाऱ्यांना ती फार आवडली. २००२ साली पाओला मेर्ली या अभ्यासक बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. पुराव्याची पद्धत कच्ची आहे हे त्यांनी दाखवलंच, पण मूळ घाव वेगळा होता. गरिबी तशीच ठेवून गरिबाला ती सोसायला शिकवलं, तर ती गरिबी पुन्हा पुन्हा जन्माला येते, असा त्यांचा मुद्दा. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. जातीची घाण तशीच ठेवून नाकाला अत्तर लावायचं, हा धंदा आपण जन्मापासून बघतोय.

मग अनुदान घ्यायचंच नाही का? असं सोवळं मी सांगत नाही. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं त्याला शाहू महाराजांचे २५०० रुपये होते. ते पत्र १९२३ मध्ये बंद पडलं. आजचा तपासनीस त्याच्या अहवालावर लाल शाईनं लिहील : प्रकल्प टिकला नाही. पण १९२७ च्या मार्चमध्ये महाडला माणसं तळ्याकडं चालत गेली. ‘मूकनायक’मुळेच गेली असं म्हणणं खोटं ठरेल. त्यामागं सभा होत्या, परिषदा होत्या, सैन्यातून परतलेली माणसं होती. पण मुक्याला वाचा फुटल्याशिवाय पाय उचलत नाही, हेही खरं. असा परिणाम एका आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला मावत नाही.

आता उलट बाजू. “आमची कला मोजता येत नाही” म्हणून हिशेबच न देणारे आपल्यातही आहेत. ती लबाडी आहे. बाबासाहेब सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं त्यांनी १९४९ साली घटना समितीत सांगितलं. आकडा आपला वैरी नाही. शासनानं त्यांचे ग्रंथ १९७९ पासून खंडाखंडानं काढले. पुढं छपाई रखडली. नऊ लाख प्रतींचं ठरलेलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतलेला आणि छापल्या ३३ हजार, अशी बातमी आली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयानं तिची स्वतःहून दखल घेतली. तिथं आकड्यानंच चोरी पकडली. फरक इतकाच : तो आकडा वरच्याला जाब विचारत होता. ‘लाभार्थी संख्या’ खालच्याचं तोंड बंद करते. आणि लाभार्थी हा शब्द तरी काय? पैसा जनतेचा, आपल्याही घामाचा. आपण हक्कदार आहोत, लाभार्थी नाही.

म्हणून पोरांनो, अनुदान घ्या, पै-पैचा हिशेब द्या, ढोलकीवाल्याचं मानधन आधी चुकतं करा. खोटी संख्या लिहू नका. पण त्यांच्या फॉर्मबरोबर आपली एक शंभर पानी वही ठेवा. खेळ झाला की सहा महिन्यांनी त्याच वस्तीत परत जा. बाया बोलायला लागल्या का? अभ्यासिकेत नवी पोरगी आली का? कुणी तक्रार नोंदवायला ठाण्यात गेलं का? गाणं कुणी आपल्या शब्दांनी बदलून म्हणतंय का? आणि हेही लिहा : कोण उठून गेलं, कुणाला राग आला, कोणत्या पुढाऱ्यानं पुन्हा बोलावलं नाही.

आमच्या वस्तीतल्या त्या खेळानं कुणालाच राग आला नाही. सगळे खुशीत घरी गेले. मला त्याचीच भीती वाटते.

जयभीम.