धामधुमीतले घर : काश्मिरी साहित्याच्या निमित्ताने

बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे अक्षराभ्यासाला बसलेले मूल पाटीवर पहिले अक्षर गिरवते. पुढे तेच मूल शारदेचे संस्कृत स्तोत्र शिकते आणि तिला काश्मिरात वास करणारी म्हणून नमस्कार करते. गोदाकाठी म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रात इतक्या दूरचा प्रदेश कोठून आला, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. ते शारदापीठ नीलम नदीच्या खोऱ्यात, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भागात, भग्नावस्थेत उभे आहे. नियंत्रणरेषेच्या अलीकडे टिटवाल येथे २०२३ साली शारदेचे नवे मंदिर उघडले. बासर आणि काश्मीर ही सरस्वतीची दोन मोठी ठाणी, असे यात्रेकरू एकमेकांस सांगतात व तेथेच विषय संपतो. ज्या भूमीच्या नावाने आपण विद्येची देवता ओळखतो, तेथील माणसांनी या तीन-साडेतीन दशकांच्या धामधुमीत काय लिहिले, हे मात्र आपण वाचलेले नसते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे सव्वीस जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर काश्मिरी साहित्य वाचा, असे कोणास म्हणणे अधिकच अवघड झाले. तरीही आम्ही ते म्हणत आहोत, कारण आपल्या भागातील जुन्या मराठी घरांना ते वाचण्याचे एक खास प्रयोजन आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन मोठी संस्थाने अधांतरी होती. काश्मिरात राजा हिंदू व बहुसंख्य प्रजा मुसलमान, तर हैदराबादेत राजा मुसलमान व बहुसंख्य प्रजा हिंदू. काश्मीर ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतात सामील झाले आणि तेथील प्रश्न पेटत राहिला. हैदराबाद सप्टेंबर १९४८ च्या पाच दिवसांच्या कारवाईनंतर विलीन झाले आणि आपला प्रश्न सुटला. प्रश्न सुटला हे खरेच; आमची तक्रार एवढीच की त्याबरोबर आपले साहित्यही सुटकेचा निःश्वास टाकून गप्प बसले.

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मराठीत लेखन झाले नाही असे कोणी म्हणणार नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे, आणि तो लिहिणारा माणूस स्वतः त्या लढ्यात उतरलेला होता. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन'मध्ये निजामी राजकारणाची जी चिकित्सा केली, तिची धार आजही कमी झालेली नाही. परंतु हे सारे लेखन चळवळीचे आहे. सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरील कॅम्प, उमरीची बँक, वाटाघाटी, ठराव हे सर्व त्यात येते. ज्या घरातील पुरुष कॅम्पवर गेला त्या घरात संध्याकाळी दिवा लावावा की नाही, याचा निर्णय कोण घेत होते? लेव्हीचे धान्य घालून उरलेल्या ज्वारीत घर कसे चालत होते? पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेल्या कुटुंबांनी मागे ठेवलेली गुरे कोणी सांभाळली? इतिहासग्रंथाने या प्रश्नांची उत्तरे द्यावीत असा आमचा आग्रह नाही. ते काम कथा-कादंबरीचे होते.

बी. रघुनाथांनी ते काही अंशी केले. निजामी सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत त्यांनी 'जगाला कळलं पाहिजे' आणि 'आडगावचे चौधरी' यांसारख्या कादंबऱ्या व कथा लिहिल्या, आणि १९५३ साली वयाच्या चाळिशीत कचेरीत काम करतानाच त्यांचे निधन झाले. गाव, वाडा, कचेरी आणि त्यांतील माणसांची घुसमट त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणी टिपलेली नाही. त्यांच्या लेखनात एक आडवळण आहे, न बोलता सुचवण्याची सवय आहे. समीक्षकांनी तिला कधी दुर्बोधता म्हटले. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या आम्हांला ती ओळखीची वाटते. वरून कोण वाचणार याचे भान ठेवून लिहिलेली ती भाषा आहे. रघुनाथांना आणखी वीस वर्षे मिळाली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण कदाचित उरले नसते.

आता काश्मीर. आगा शाहिद अली यांच्या 'द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस' (१९९७) या संग्रहाचे नावच एका साध्या गोष्टीवरून आले आहे. १९९० मध्ये खोऱ्यात कित्येक महिने टपाल वाटले गेले नाही. गोळीबार, मृतांची संख्या, राजकीय मागण्या हे सर्व समोर असताना या कवीने न पोचलेली पत्रे निवडली. संघर्षाचे खरे मोजमाप अशाच वस्तूंत असते. शाहिद अमेरिकेतून लिहीत होते, आणि त्यांच्या कवितेत दुःख कधीकधी फार लवकर सुंदर होते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण 'फेअरवेल' ही कविता त्यांनी खोरे सोडून गेलेल्या पंडिताला उद्देशून लिहिली. आपल्याच बाजूच्या वेदनेने घर भरलेले असताना गेलेल्या शेजाऱ्यासाठी एक खोली रिकामी ठेवणे फार थोड्यांना जमते.

बशारत पीर यांचे 'कर्फ्यूड नाइट' (२००८) हे गद्य याच्या अगदी उलट, कोरडे आहे. लेखकाचे वडील सरकारी अधिकारी, स्वतः लेखक शाळकरी वयात. खिशात ओळखपत्र नसेल तर काय होते, पहाटे गावातील पुरुषांना मैदानात बसवतात तेव्हा खबऱ्यासमोरून एकेकाने कसे जायचे, हे सर्व तो बातमीदाराच्या संयमाने सांगतो. आई-वडिलांवर झालेल्या सुरुंगाच्या हल्ल्याचा प्रसंगही तो आवाज न चढवता लिहितो. जम्मूच्या छावण्यांत तो पंडितांना भेटतो, मात्र ती पाने थोडी आहेत; आणखी हवी होती.

ती उणीव राहुल पंडिता यांच्या 'अवर मून हॅज ब्लड क्लॉट्स' (२०१३) या पुस्तकाने भरून निघते. १९९० साली घर सोडावे लागले तेव्हा पंडिता चौदा वर्षांचे होते. जम्मूतील एका खोलीत संसार मांडलेली त्यांची आई भेटेल त्याला सांगत राहते की काश्मिरातील आमच्या घराला बावीस खोल्या होत्या. ऐकणाऱ्याला त्याचे काही नसते. ती सांगतच राहते. या पुस्तकात हत्यांच्या तारखा आहेत, नावे आहेत, आणि त्या नोंदल्या जाणे आवश्यकच होते. परंतु वाचकाच्या मनात राहतात त्या बावीस खोल्या. लेखकाचा संताप जेथे त्या खोल्यांवर मात करतो तेथे पुस्तक सैल होते, असे आमचे मत आहे. आणि तो संताप करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, हेही तितकेच खरे.

हरिकृष्ण कौल यांचे उदाहरण आणखी वेगळे. खोरे सुटल्यावरही त्यांनी काश्मिरी भाषा सोडली नाही. ज्यांच्यासाठी लिहावे ते वाचक मागे राहिलेले, आणि सोबत आलेल्यांच्या मुलांची भाषा बदलत चाललेली, अशा स्थितीत ते कथा लिहीत राहिले. १९५६ साली मुधोळ तालुका नांदेडपासून तुटून आदिलाबाद जिल्ह्यात आल्यावर आपल्या शाळांचे आणि कचेऱ्यांचे काय झाले, हे ज्यांना आठवते त्यांना कौल यांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

या प्रांतबदलाचा साहित्यावर एक परिणाम झाला, ज्याची चर्चा होत नाही. मराठवाड्याच्या साहित्येतिहासात आपला भाग सरहद्दीपलीकडचा ठरला. तेलंगणाच्या इतिहासात आपण मराठी म्हणून कडेला राहिलो. बासर, मुधोळ, भैंसा येथील घरांनी १९४७-४८ मध्ये जे पाहिले ते या दोन्हींच्या मधल्या फटीत पडले. शेजारच्या तेलुगूने मात्र आपले काम केले. दाशरथी कृष्णमाचार्य येथून जवळच निजामाबादच्या किल्ल्यातील तुरुंगात होते. १९८६ साली हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या तोंडून त्यांच्या कहाण्या ऐकून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत स्वयंपाक, लपणे, बाळंतपण, पक्षाने नंतर केलेली उपेक्षा, सर्व आहे. उर्दूत जीलानी बानो यांची 'ऐवान-ए-ग़ज़ल' ही कादंबरी त्याच काळातील हैदराबादी मुसलमान हवेलीच्या आत घडते. अशा तोडीची मराठी कृती दाखवा म्हटले तर आम्हांला पुन्हा बी. रघुनाथांकडेच जावे लागते.

शेजाऱ्याचा प्रश्न आपल्याही बाजूस आहे, आणि तो अधिक अवघड आहे. रझाकारांचे अत्याचार आपल्या घरांनी सोसले. त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्या 'इमरोज'च्या शोएबउल्ला खान या मुसलमान संपादकाचीही ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. सप्टेंबरनंतर पारडे फिरले. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात मारल्या गेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा अंदाज दिला आणि सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घेतले. मुधोळ तेव्हा नांदेड जिल्ह्यातच होता. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही दखल त्या अहवालात आहे. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला, पण आपल्या घरांतील माणसांना तो वाचण्याची गरज नव्हती. त्यांनी ते पाहिले होते. पंडितांवर लिहिणारा काश्मिरी मुसलमान आणि मुसलमान शेजाऱ्याची आठवण ठेवणारा पंडित यांचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. त्यांच्या लेखकांनी निदान दार उघडून आत पाहिले आहे.

महसुली कामात १९५४-५५ ची खासरा पहाणी चाळावी लागे. तीत पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि प्रत्यक्ष कब्जेदाराचा वेगळा. दोन्हींत निरनिराळी नावे असण्याची दहा साधी कारणे असतात : कूळ, वाटणी, गहाण, विक्री. अकरावे कारण असे की एक नाव गाव सोडून गेले व परतले नाही. पहाणीत शेऱ्याला जागा असते, ती बहुधा कोरी असते. कादंबरीकाराने ती जागा भरायची.

आपल्या घराघरांत त्यासाठी लागणारा ऐवज अजून आहे : चुलीखाली पुरलेले दागिने, रातोरात जुंपलेल्या गाड्या, शेजारच्या खाँसाहेबांकडे ठेवून गेलेली वाड्याची किल्ली, आणि पुढे त्याच खाँसाहेबांच्या घराचे काय झाले हे सांगताना मध्येच थांबणारी आजी. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडून हे उतरवून घेणाऱ्याने तिची मराठी 'शुद्ध' करू नये, एवढी सूचना आम्ही करू. त्या बोलीत उर्दू आहे, तेलुगू आहे, आणि त्यातच तो काळ आहे. विशेषतः 'अ‍ॅक्शन' हा शब्द तसाच ठेवावा. 'रझाकारीत' आणि 'अ‍ॅक्शननंतर' अशीच घरातील कालगणना होती. 'मुक्तिसंग्राम' हा शब्द आमच्या लहानपणी स्वयंपाकघरात कोणी उच्चारल्याचे आम्हांस आठवत नाही.