'तांबडी चामडी': ठोका आणि मराठी

औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांत रमणारी आपण माणसं. गाणं आलं की आधी अर्थ विचारतो. मग 2024चं 'तांबडी चामडी' पटकन नापास होतं. अर्थ बेताचाच आहे, मान्य. पण मंडळी, क्रेटेक्सनं, म्हणजे कृणाल घोरपडेनं, खाली काय रचलंय ते ऐका. हाउस संगीताचा सरळ ठोका, दर मात्रेला एक. त्यावर श्रेयस सागवेकर गाण्यापेक्षा रॅपच्या अंगानं बोलतो जास्त. आणि या दोन शब्दांतला 'ड' हलगीवर काठी पडावी तसा पडतो!

रॅपला मराठी जड पडते, हिंदीत लिही, असं आपल्याच पोरांना सांगत आलो ना आपण? इथे तो जडपणाच तालाच्या कामी आलाय. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते मराठीतच काढलं.

शंका एकच. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटानं 2019मध्ये प्रकाश भोईर यांना घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेचं जंगल होतं, तिथल्या आदिवासींची जमीन होती. असा मजकूर क्रेटेक्सच्या ठोक्यावर पेलेल का? आम्हाला वाटतं, पेलेल. मात्र मधेच ठोका थांबवून शब्दाला एकटं सोडायची त्याची तयारी हवी.