बंब आणि बर्क

तरुणपणी मी क्रांतीचा कैवारी होतो; अर्थात दुसऱ्याच्या घरातल्या. साठी उलटली आणि एडमंड बर्कचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक हाती लागलं. वाडवडिलांचं एका फटक्यात मोडू नका, असं हा गृहस्थ १७९० साली बजावतो. झालं! माळ्यावरचा आजोबांचा तांब्याचा बंब मी मोडीत काढू देईना.

पुस्तक आहे मात्र जबरदस्त. राजाचं डोकं अजून धडावर होतं, नेपोलियनचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हा लिहून गेला की शेवटी एखादा सेनापतीच सत्ता बळकावील. १७९९ साली तसंच झालं! पण राणीसाठी गहिवरणाऱ्या बर्कला, पावासाठी व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांचा नुसता गोंगाट ऐकू येतो. भूक दिसत नाही.

हे मी हिला ऐकवलं. ही म्हणाली, "आणि दर दिवाळीला तो बंब घासतं कोण, ते तुम्हाला दिसतं का?"

बदलाची सोय नसलेलं राज्य टिकतही नाही, हेही बर्कनेच लिहिलंय. ते पान मी भरभर उलटलं होतं. आता तिथे हिने भांड्यांच्या दुकानाची पावती खूण म्हणून घातली आहे.