आरंभवाक्याची साक्ष

मुखपृष्ठ गळालेल्या पुस्तकाचे पहिले वाक्य ऐकून त्याचे नाव सांगणे, हा ग्रंथप्रेमी मंडळींचा आवडता खेळ आहे. खेळ म्हणून त्यास कोणी नावे ठेवणार नाही. परंतु अप्रसिद्ध ग्रंथांच्या बाबतीत हाच तर्क ग्रंथसूचीतील नोंदीचा आधार होऊ पाहतो, तेव्हा त्याची परीक्षा करणे अवश्य ठरते. कारण सूचीत एकदा शिरलेले चुकीचे कर्तृत्व पुढील अभ्यासक सहसा तपासून पाहत नाहीत.

आरंभावरून ग्रंथ ओळखण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन आहे. ईश आणि केन या उपनिषदांची नावे त्यांच्या पहिल्या शब्दांवरून पडली. गाथांच्या सूचीही अभंगांच्या आद्यचरणांनीच लावलेल्या आढळतात. मात्र तेथे ओळखणाऱ्यास पाठ आधीच ठाऊक असतो. आरंभशब्द स्मरणाला वाट दाखवितो. अज्ञात ग्रंथाचा पत्ता तो देत नाही.

हस्तलिखितांत तर ही अडचण फारच जाणवते. गणेश, शारदा, सद्गुरू आणि संतसज्जन यांच्या वंदनाने सुरू होणाऱ्या ओवीबद्ध पोथ्या इतक्या आहेत की, आरंभ हाच त्यांचा सर्वांत कमी स्वतंत्र भाग म्हणावा लागेल. भाषेवरून काल ठरवू जावे, तर बोलण्यातून गेलेली विभक्तिरूपे ओवीकारांनी पुढेही दीर्घकाळ जपलेली. छापील गद्याची स्थिती थोडी बरी. ‘केलें’, ‘घरांत’ यांसारखे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी गाळले गेले. तेव्हा ते दिसताच वाचक पुस्तक त्यापूर्वीचे ठरवून मोकळा होतो. पण अनुस्वार साक्ष देतो ती छपाईची, लेखनाची नव्हे. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते गाळलेले असू शकतात, आणि मग जुना ग्रंथ नवा भासतो.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. तर्क करणाऱ्याच्या स्मरणात असतात ते नामांकित ग्रंथ. साहजिकच अनोळखी वाक्य कोणा थोराच्या वाक्यासारखे वाटते, आणि अप्रसिद्ध लेखक आपल्या एकुलत्या एका पुस्तकासही मुकतो. अभंगाच्या अखेरीस कवीची मुद्रा असूनही विष्णुदास नामा याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. जेथे मुद्राच नाही, हाती केवळ पहिली ओळ आहे, तेथे काय होईल?

या प्रश्नाची एक बाजू मध्ययुगीन युरोपातील ग्रंथपालांनी ओळखली होती. एकाच ग्रंथाच्या सर्व प्रतींचा आरंभ सारखाच असावयाचा, म्हणून ते यादीत दुसऱ्या पानाचे पहिले शब्द नोंदवीत. प्रत्येक लेखनिकाचे पान वेगळ्या शब्दावर संपे. त्यामुळे प्रत अचूक ओळखता येई, चोरी वा अदलाबदलही उघडकीस येई. ग्रंथकर्ता कोण, हे मात्र त्यावरून कळत नसे. तसा दावाही नव्हता. आपल्या पोथ्यांच्या नोंदीत आदि आणि अंत देण्याचा परिपाठ आहे, त्यात दुसऱ्या पत्राच्या आरंभाची भर घालणे कठीण नाही. छापील पुस्तकाबाबत तर पहिले वाक्य घोळीत बसण्यापूर्वी सतरावे पान उघडावे. सोळापानी फर्म्याच्या पुस्तकात तेथे दुसरा फर्मा सुरू होतो, आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात फर्म्याच्या अंकाशेजारी कित्येकदा पुस्तकाचे नावच छापलेले असते.